अंगठा जुळत नाही

रेशनच्या दुकानात यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला. ओढणीला पुसून ठेवला.
आप्पांचा तर कधीच जुळायचा बंद झालाय,
माझा आत्ताआत्ता, एकोणिसाव्या वर्षी.
दुकानदार म्हणाला,
घरात अजून कोणाला बोटं आहेत का?
आई पुढे झाली.

आप्पांची तीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीत गेली.
सुतकी, पहार, छिन्नी.
माझी चार, बेलापूरमागे, पारसिकच्या डोंगरात,
एका बंद पडलेल्या खाणीच्या भिंतीवर.
दगड तोच. काळा, उन्हात चटका देणारा.
त्यांनी तो खाली आणला,
मी त्याच्यावरून वर जाते.
हे वाक्य मी एकदा स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिलं
आणि खोडलं.

सराव म्हणजे फार काही नाही.
मोरीच्या दाराची चौकट, वरची पट्टी दीड बोट रुंद.
सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं,
डाळीच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत.
आई म्हणते, चौकट हातात आली तर
नवीन चौकट घेऊनच घरात ये.
तांडेल सर म्हणतात, हातांनी चढणारा दमतो,
पायांनी चढणारा जेवायला घरी पोचतो.
फिरदौस मुंब्र्याहून येते. माझा दोर तिच्या कमरेला.
मी पडले की ती फूटभर वर उचलली जाते
आणि आम्ही दोघी अधांतरी
एकमेकींना शिव्या घालतो.

वाटांना नावं ठेवायला आम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.
'उधारी': सुरुवातीला सोपी, शेवटी अंगावर येते.
'नळ': भेगेतून डिसेंबरपर्यंत पाणी ठिबकतं.
'बाईमाणूस': त्या कपारीत
सहा फुटी पोरांचा गुडघा मावत नाही,
माझा मावतो. तिथे मी मुद्दाम हळू चढते.

आणि सगळ्यात लाडकी, अजून बिननावाची,
उजव्या कोपऱ्यातली.
धरायला काहीच नाही,
फक्त सुरुंगाच्या भोकाची उभी चिरलेली अर्धी नळी,
दोन बोटं बसतील एवढी, पंधरा फूट सरळ.
बाविसाव्यांदा पडले, तेव्हा आप्पांना घेऊन आले.
ते चपला काढून उभे राहिले.
नळीतून अंगठा फिरवत म्हणाले,
हे मशीनचं काम नाही, हाताचं आहे.
एक जण पहार धरून फिरवतो, दुसरा मारतो.
हे बघ, इथे वाकडी गेलीय, डावीकडे.
धरणाऱ्याला झोप आली असेल. नाहीतर ताप.
तू पण इथे डावीकडे झुक.

तुम्ही होता का, मी विचारलं.
छे, आम्ही तुर्भ्याला. इथे दुसरी माणसं.
एवढं बोलून ते सावलीत जाऊन बसले.

झुकले.
दोन हात वर गेले. तिसरा सुटला.
तेविसावं.

मोठी स्वप्नं विचाराल, तर आहेत.
तैलबैलाची भिंत, दोरावर सगळ्यांत पुढे मी.
वजीर, एखाद्या थंडीच्या सकाळी,
फिरदौसला घरून रात्रीची परवानगी मिळाली तर.
पाठीवर महाराष्ट्र लिहिलेलं जॅकेट.
आणि माझ्या मापाचे बूट.
आत्ताचे सरांच्या मुलीचे आहेत, तिने चढणं सोडलं.
मी त्यांत बोटं मुडपून घालते
आणि ती भेटली की लपवते.

त्या कोपऱ्यातल्या वाटेचं नाव ठरलंय.
चढल्याशिवाय सांगायचं नसतं.
पण घाई आहे. खाणीच्या तोंडाशी
कोणीतरी पत्रे आणून टाकलेत,
आणि खांब रोवायला खड्डे घेतलेत, सात.
दर रविवारी मी ते मोजते.

रात्री बोटांच्या चिरांवर मेण चोळते.
आप्पा बघतात, हात पुढे करतात,
मी त्यांच्याही बोटांना लावते.
ते म्हणतात, आता कशाला, तरी हात मागे घेत नाहीत.

पुढच्या महिन्यात रेशनला मीच जाणार.
अंगठा जुळला, तर समजायचं
सराव कमी पडला.